ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जलसा

इ. स. १९४८ सालीं ईस्टरचा सण मार्चच्या २८ व्या तारखेस आला होता. त्याच्या आदल्या रात्रीं, म्हणजे पवित्र शनिवारीं, न्यूयॉर्क शहरांतील कार्नेगी हॉल ह्या विख्यात संगीतगृहांत एका कृष्णवर्णी गायिकेचा जलसा झाला. तिचें नांव बिली हॉलिडे. जलशापूर्वीं बरोबर अकरा दिवस ती तुरुंगांतून सुटली होती, आणि जलशानंतर अकरा दिवसांनीं तिला तेहतीस वर्षें पुरीं होणार होतीं. २,७०० तिकिटें आगाऊच खपलीं होतीं. त्या वेळचा तो विक्रम मानला गेला.

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेंत अशा गायिकेची कथा कां यावी, असें कोणी वाचक पुसेल. तिचा बाप्तिस्मा, तिचे अखेरचे संस्कार व तिच्या देहावरील अंत्यविधीची मिस्सा हीं तिन्ही कॅथलिक ख्रिस्तसभेंत झालीं, हें त्याचें एक उत्तर. दुसरें उत्तर पुढील हकीकतींतच वाचकांस मिळेल, असा आम्हांस भरंवसा आहे.

'स्विंग' ह्या संगीतप्रकाराचें नांव आपल्या लोकांस अगदींच परकें नाहीं. इ. स. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी ह्या अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत येऊन वाजवूं लागला, आणि गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकून आलेल्या आपल्या बांधवांनीं तें संगीत लवकरच आत्मसात् केलें. पुढें लग्नसमारंभांतून व नाचाच्या हॉलांतून त्याच चालीच्या लकेरी उमटूं लागल्या. तुताऱ्या, सॅक्सोफोन, पियानो, ढोल अशीं पंधराएक वाद्यें. त्यांचा ठेका सरळ पावलांनीं न चालतां झोंपाळ्यासारखा झुलतो, म्हणून त्यास स्विंग म्हणावयाचें. बिली हॉलिडेचा आवाज कांहीं मोठा नव्हता. त्याचा पल्ला एका सप्तकाहून थोडासाच अधिक. परंतु ती तालाच्या किंचित् मागें रेंगाळत गाई, आणि आतां सम हातची गेली असें श्रोत्यांस वाटतांच अचूक तीवर येऊन बसे. आपल्याकडे ठुमरी गाणाऱ्या जाणत्या गायिकेची जी खुबी, तीच ही. शब्द साधे असोत, पोरकट असोत, तिच्या कंठांतून ते खरे होऊन बाहेर पडत.

तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजीं फिलाडेल्फिया शहरीं झाला. बालपण बाल्टिमोर शहरांत गेलें. बाप क्लॅरेन्स हॉलिडे गिटार वाजवी. त्यानें कधीं घर केलें नाहीं. आई सेडी पोटासाठीं परगांवीं चाकरी करी, व मूल नातलगांच्या दारीं वाढे. शाळा चुकविते म्हणून न्यायालयानें नऊ वर्षांच्या ह्या मुलीस १९२५ च्या जानेवारींत कृष्णवर्णी मुलींसाठीं असलेल्या 'हाउस ऑफ द गुड शेफर्ड' ह्या कॅथलिक सुधारगृहांत धाडलें. त्याच वर्षीं १९ मार्चला, संत योसेफाच्या सणादिवशीं, तिला बाप्तिस्मा देण्यांत आला. तेथील शिस्त कडक होती, आणि पुढें आत्मचरित्रांत तिनें त्या दिवसांबद्दल कटुतेनेंच लिहिलें आहे. तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. १९२६ च्या डिसेंबरांत एका शेजाऱ्यानें तिच्यावर अत्याचार केला. त्या इसमास अटक झाली. परंतु मुलीसहि साक्षीदार म्हणून पुन्हां त्याच गृहांत कोंडून ठेवण्यांत आलें. तेव्हां ती अकरा वर्षांची होती.

एका बदनाम घरीं निरोप पोंचविणें, पायऱ्या घासणें अशीं कामें ती करी. मोबदल्यांत पैसे नकोत, बैठकींतला फोनोग्राफ ऐकूं द्या, एवढेंच तिचें मागणें असे. लुई आर्मस्ट्राँगची तुतारी व बेसी स्मिथचें गाणें तिनें तेथें ऐकलें. तिची संगीतशाळा हीच; दुसरी नाहीं.

पुढें मायलेकी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत आल्या. चौदाव्या वर्षीं एका धाडींत आईसह ती पकडली गेली व तिला श्रमगृहांत दिवस काढावे लागले. सुटल्यावर ती लहानमोठ्या दिवाणखान्यांतून गाऊं लागली. बिली डव्ह ह्या नटीचें नांव व बापाचें आडनांव जोडून तिनें आपलें नांव केलें. हॉलिडे म्हणजे सण; नांवांत सण बाळगणाऱ्या ह्या मुलीच्या वांट्यास सणाचे दिवस थोडेच आले. १९३३ सालीं जॉन हॅमंड ह्या संगीतज्ञानें तिला ऐकलें, आणि त्याच वर्षीं बेनी गुडमनच्या साथीनें तिच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. १९३५ पासून टेडी विल्सनबरोबर, १९३७ सालीं काउंट बेसीच्या ताफ्यांत, १९३८ सालीं आर्टी शॉच्या गौरवर्णी ताफ्यांत, असा तिचा प्रवास झाला. लेस्टर यंग ह्या सॅक्सोफोनवादकानें तिला 'लेडी डे' हें नांव दिलें व तें जन्मभर टिकलें. मात्र आर्टी शॉच्या ताफ्याबरोबर न्यूयॉर्कच्याच एका हॉटेलांत गात असतां ह्या 'लेडी'स पाहुण्यांच्या लिफ्टमध्यें पाऊल ठेवण्याची बंदी होती. सामानाच्या लिफ्टनें वर जावें लागे. वर्ष संपण्यापूर्वींच तिनें तो ताफा सोडला.

१९३९ सालीं कॅफे सोसायटी ह्या क्लबांत ती 'स्ट्रेंज फ्रूट' नांवाचें गीत गाऊं लागली. दक्षिणेंत गोऱ्या जमावांनीं झाडांस लटकावून मारलेल्या कृष्णवर्णीयांवरील तें गीत. ॲबेल मीरोपोल ह्या शिक्षकानें रचलेलें. तें गातांना वाढपी थांबत, दिवे मालवीत, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत राही. तिच्या नेहमींच्या कंपनीनें त्याची तबकडी काढण्याचें नाकारलें, म्हणून ती कमोडोर ह्या लहानशा कंपनीनें काढली.

येथवर कीर्तीची गोष्ट झाली. त्याच काळांत तिला अफूपासून बनविलेल्या जहाल मादक द्रव्याचें व्यसन जडलें. १९४५ सालीं आई वारली. त्यानंतर तोल अधिकच गेला. १९४७ च्या मे महिन्यांत तिला अटक झाली व फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत खटला उभा राहिला. तिच्या बाजूनें बोलण्यास वकील आला नाहीं. अंगांत त्राण नव्हतें. तिनें गुन्हा कबूल केला आणि आपणांस रुग्णालयांत पाठवावें अशी विनंती केली. शिक्षा झाली ती एक वर्ष आणि एक दिवसाची. रवानगी वेस्ट व्हर्जिनियांतील ऑल्डरसन येथील स्त्रियांच्या तुरुंगांत झाली. तेथें ती एकहि सूर गायिली नाहीं. सोबतच्या बंदिनी आग्रह करीत. ती नाहीं म्हणे. चांगल्या वर्तणुकीमुळें १६ मार्च १९४८ रोजीं तिची सुटका झाली.

नेवार्क स्टेशनावर तिला घेण्यास दोघे आले होते: पियानोवादक बॉबी टकर आणि तिचा 'मिस्टर' नांवाचा कुत्रा. टकरनें तिला न्यू जर्सींतील मॉरिसटाउन येथें आपल्या आईच्या घरीं नेलें. तुरुंगांतून आलेल्या व्यसनी बाईस त्या माउलीनें घरांत घेतलें, हें आम्हांस ह्या साऱ्या हकीकतींत थोर वाटतें. जलशाच्या टाळ्यांहूनहि थोर. आवाज राहिला आहे कीं गेला, ह्याची धास्ती बिलीस होती. दहा महिने न वापरलेला गळा तिनें त्या घरच्या पियानोपाशीं उघडून पाहिला. आवाज होता.

आणि मग तो शनिवार. आजच्या तरुण वाचकांस ठाऊक नसेल, पण १९४८ सालीं पवित्र शनिवारचा मोठा विधि सकाळींच होई, व दुपारीं बारा वाजतां उपवासकाळ संपे. तो विधि पुन्हां रात्रीं करण्याची मोकळीक बाराव्या पायस पोपमहाशयांनीं १९५१ पासून दिली. तेव्हां त्या रात्रीं न्यूयॉर्कचा कॅथलिक मनुष्य निर्धास्तपणें जलशास जाऊं शकत होता.

मध्यरात्रीच्या सुमारास ती रंगमंचावर आली. तेथें तिच्यासाठीं कोणीं तरी गार्डेनियाच्या फुलांची पेटी पाठविली होती. हें फूल म्हणजे आपल्या अंगणांतलें अनंत. केसांत तें माळणें ही तिची जुनी खूण. तिनें घाईनें तीं फुलें डोक्यास खोंवलीं. त्यांत एक लांब टांचणी होती, ती डोक्यांत रुतली, आणि रक्त डोळ्यांकानांवरून ओघळूं लागेपर्यंत तिला पत्ता नव्हता. कांट्यांच्या मुकुटाची उपमा येथें कोणासहि सुचेल. ती देण्याचा मोह आम्ही आवरतो. तें घाईंत खोंवलेल्या फुलाचें काम होतें, आणि तसेंच सांगितलेलें बरें. तिच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणें ती त्या रात्रीं बत्तीस गाणीं गायिली. त्यांत 'स्ट्रेंज फ्रूट' होतें, कोल पोर्टरचें 'नाइट अँड डे' होतें. टाळ्यांनीं तिला पुनःपुन्हां बाहेर बोलाविलें. तिसऱ्यांदा अभिवादन करून ती आंत गेली आणि मूर्च्छा येऊन पडली.

आतां प्रश्न असा, कीं रोज रात्रीं लहान क्लबांत गाणारी ही बाई एवढ्या मोठ्या संगीतगृहांतच कां गायिली? न्यूयॉर्क शहरीं दारू विकली जाणाऱ्या कोणत्याहि ठिकाणीं गाण्या-वाजविण्याचें काम करावयाचें तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावें लागे. शिक्षा झाल्यामुळें तिचें कार्ड गेलें होतें. कार्नेगी हॉलांत दारू नव्हती, म्हणून तेथें कार्डाची गरज नव्हती. म्हणजे ज्या टेबलांमधल्या अरुंद जागेंत तिची कला वाढली, जेथें तिचा आठवड्याचा पगार होता, तो दरवाजा बंद. आणि वर्षांतून एखादे वेळीं उघडणारें हें सोनेरी दार तेवढें मोकळें. २,७०० लोकांनीं तिला त्या रात्रीं परत आपलीशी केली. कायद्यानें केली नाहीं, शिक्षा पुरी भोगून झाल्यावरहि नाहीं. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे. त्या वर्षीं दास मोकळा होई, इतकेंच नव्हे तर आपल्या वतनावर परत जाई. नुसतें सोडणें व वतनावर परत पोंचविणें ह्यांतलें अंतर बिली हॉलिडेइतकें क्वचितच कोणास मोजावें लागलें असेल.

एप्रिलच्या अखेरीस ब्रॉडवेवरील एका नाट्यगृहांत तिचा खेळ लागला. तो तीन आठवड्यांत उतरला. एखाद्या क्लबवाल्यानें धाडस करून तिला गावयास लावलें, तरी डोक्यावर पोलिसांची टांगती तलवार असे. पोटासाठीं ती गांवोगांव फिरे. १९५४ सालीं युरोपांतहि गाऊन आली. व्यसन मात्र सुटलें नाहीं, आणि तिच्या मिळकतीवर जगणारे पुरुषहि सुटले नाहींत. १९५६ च्या नोव्हेंबरांत ती पुन्हां एकदां कार्नेगी हॉलांत गायिली. तेंहि भरलें होतें.

१९५९ च्या मे महिन्याच्या अखेरीस यकृत व हृदय ह्यांच्या विकारानें ती न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत दाखल झाली. तेथें खाटेवरच तिला मादक द्रव्याच्या आरोपावरून अटक करण्यांत आली व खोलीवर पहारा बसला. १५ जुलैला धर्मगुरूंनीं तिला अखेरचे संस्कार दिले. १७ जुलैला तिनें प्राण सोडला. वय ४४. बँकेंत सत्तर सेंट शिल्लक होते. २१ जुलैला संत पौलाच्या चर्चमध्यें तिच्यासाठीं गायनयुक्त मिस्सा झाली. तें चर्च कार्नेगी हॉलपासून पायीं जाण्याजोग्या अंतरावर आहे, आणि त्या सकाळीं सुमारें तीन हजार माणसें तेथें जमलीं होतीं. देह ब्राँक्समधील सेंट रेमंड्स दफनभूमींत ठेवण्यांत आला. तिची आईहि तेथेंच विसावली आहे.

कॅबरे कार्डाची पद्धत न्यूयॉर्क शहरानें १९६७ सालीं रद्द केली.