इंद्रभुवन आणि भोंगा

सोलापुरास आलेल्या पाहुण्यास आम्ही हटकून इंद्रभुवन दाखवितो. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने उभारलेला हा प्रासाद पुढे महापालिकेचे कार्यालय झाला. आणि धनिकाच्या त्या नक्षीदार खांबांमधून एखादी विडी वळणारी बाई अर्ज हाती घेऊन निःशंकपणे आत जाताना पाहिली, तेव्हा ती वास्तू आम्हांस प्रथमच खरी शोभिवंत वाटली.

परंतु गावाचा दिनक्रम ठरविला तो या प्रासादाने नव्हे, गिरणीने. मोरारजी गोकुळदासांची ‘जुनी गिरणी’ १८७७ साली सुरू झाली. तिच्या भोंग्यावर चुली पेटत, पाळ्या बदलत, घरोघरची घड्याळे लावली जात. १९६३ साली ती बंद पडली. इंद्रभुवनाचे दगड आपण जपले; भोंग्याची आठवण कोणी जपावयाची? आमच्या आजीबाई मात्र पुढेही कित्येक वर्षे पहाटेस ‘पहिला भोंगा’च म्हणत.