तैलचित्रणाची पहिली खरेदी

यवतमाळ जिल्ह्याला कापूस आणि जवस ही दोन्ही पिके परिचित आहेत. तैलचित्रणाचा आधारही हीच पिके होत: कॅनव्हास कापसाचा, तर रंगद्रव्य बांधणारे तेल जवसाचे. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. तथापि घाण्यावरील खाद्यतेल गाळ व चिकट अंशांमुळे चित्रासाठी भरवशाचे नसते. चित्रकारांसाठी शुद्ध केलेले तेलच घ्यावे.

तेल थेट मुरल्यास कापडाचे तंतू कालांतराने ठिसूळ होतात. म्हणून जेसोचा लेप दिलेला कॅनव्हास निवडावा.

नवशिक्यास टायटॅनियम पांढरा, पिवळा, किरमिजी, अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना या ५ नळ्या पुरतात. पांढऱ्याची नळी मोठी घ्यावी. राठ केसांचे ३ चपटे ब्रश व एक पॅलेट नाइफ जोडीला असावेत. काटकसर रंगांच्या संख्येत करावी, दर्जात नव्हे.

टर्पेंटाइन खेळत्या हवेतच वापरावे. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. विदर्भातील उन्हाळ्यात विशेष दक्षता घेऊन त्या पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.