श्रेयांक, एस.टी. आणि मुलींचे तास : सटाण्यातील कलाशिक्षणाचा विचार

मुलींच्या उच्चशिक्षणाची चर्चा बहुधा विषयांपासून सुरू होते. कोणते पेपर, कोणती शाखा, पुढे नोकरी कुठे. इथे मोजमाप म्हणून विद्यार्थिनीचा वेळ घेतला आहे. त्याचे दोन भाग पडतात : वेळापत्रकात बांधलेले तास आणि वर्ग सुटल्यावर तिच्या स्वतःच्या ताब्यात उरणारे तास. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र, मानसशास्त्र शेजारी शेजारी ठेवून स्वतः विचार करायला शिकणे, हे कलाशिक्षणाचे मर्म मानले तर ते मुख्यतः दुसऱ्या भागात घडते, असे माझे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रात मुलींच्या उच्चशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग पुण्याजवळच्या हिंगण्याला झाला. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ५ विद्यार्थिनींवर ते सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, अभ्यासात गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र. स्त्रीचे कार्यक्षेत्र मुख्यतः घर, या गृहीतावर ही विषयनिवड उभी होती आणि तिची मर्यादा आज उघड दिसते. तरीही हिंगण्याचे यश त्या विषयांवरून मोजू नये. तिथे मुली राहत होत्या. तास संपल्यावर त्यांना घरकामाला धावावे लागत नव्हते. वाचायला, वाद घालायला, मैत्रिणीचे ऐकून घ्यायला संध्याकाळ मोकळी होती. याच संस्थेत शिकलेल्या मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातली घुसमट महाराष्ट्रासमोर ठेवली. एवढे धाडस गृहजीवनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातून आले असेल, असे मला वाटत नाही.

आता सटाणा. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याच्या या गावात मराठा विद्या प्रसारक (मविप्र) समाजाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. मुले-मुली एकत्र शिकतात. नाशिकला गोखले एज्युकेशन सोसायटीचे महिला महाविद्यालय आहे, पण ते सुमारे ९० किलोमीटरवर. मुल्हेर, ताहाराबाद, डांगसौंदाणे या बाजूच्या अनेक मुली रोज जाऊन-येऊन शिकायला सटाणा गाठतात. म्हणून ‘महिला महाविद्यालय’ ही केवळ संस्थेच्या पाटीवरची गोष्ट न मानता, सटाण्याच्या महाविद्यालयात या मुलींच्या वाट्याला त्यातले काय येते, हे तपासणे अधिक उपयोगाचे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे सटाण्यातही, २०२४-२५ पासून आली. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य, मूल्यशिक्षण, क्षेत्रप्रकल्प. एका सत्राला २२ श्रेयांक. तासिकेच्या विषयात एका श्रेयांकाला १५ तास धरतात. सगळे तासिकांचेच मानले तर सत्राला ३३०, म्हणजे १५ आठवड्यांत आठवड्याला २२ तास. प्रात्यक्षिकाला एका श्रेयांकामागे दुप्पट तास लागत असल्याने प्रत्यक्षात आकडा याहून वाढतो. कागदावर ही रचना कलाशिक्षणाला फार अनुकूल आहे : मराठी साहित्याच्या मुलीला दुसऱ्या शाखेतला विषय घेता येतो. परंतु ऐच्छिक विषय जिथे तो शिकवणारा माणूस असेल तिथेच ऐच्छिक राहतो. मंजूर पदे रिकामी आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-तीन ठिकाणी फिरणारे, अशा स्थितीत मुलीची निवड वेळापत्रकच करून टाकते. शिवाय वेगवेगळ्या विषयांचे तास दिवसभर विखुरले की गाडीशी गाठ पडते.

गाडी म्हणजे एस.टी. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो थांबतो आणि विद्यार्थ्यांचा ६६.६७ टक्के सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. रक्कम मोठी नाही, हे खरे. पण मुलीला पुढे शिकवायचे की नाही हे घरात ठरत असते, नेमक्या त्याच वर्षी शिक्षणासाठीचा फुकटचा प्रवास खर्चाचा होतो, हे मला फार खुपते. आणि पासापेक्षा महत्त्वाची आहे गाडीची वेळ. मुक्कामी गाडी गावात दिवेलागणीनंतर पोहोचते, म्हणून घरचे दुपारचीच गाडी धरायला सांगतात. वाचनालय, वक्तृत्वाची तयारी, प्राध्यापकांशी निवांत बोलणे हे सारे दुपारच्या गाडीनंतर सुरू होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर त्यामुळेच अनेकींना एवढे मोलाचे वाटते. सलग सात संध्याकाळी मोकळ्या मिळतात.

घरी पोहोचल्यावर उरलेल्या तासांवर शेती हक्क सांगते. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. दुसरे सत्र नेमके याच मधल्या काळात चालते आणि परीक्षा काढणीला टेकून येते. रोपे लावण्याचे काम बहुतांशी बायकांच्या हाती. मजूर मिळेना की घरची मुलगी वाफ्यात उतरते. गैरहजेरीच्या रकान्यात हे कारण कुणी लिहीत नाही, त्यामुळे हजेरीच्या आकड्यावरून ती अभ्यासात निरुत्साही ठरते.

भाषेचा प्रश्न हिंगण्याहून एक पायरी अधिक आहे. मातृभाषेतून शिक्षण हा कर्व्यांचा आग्रह इथे पूर्ण झाल्यासारखा दिसतो, कारण कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात. पण बागलाणातल्या अनेक घरांत बोलणे अहिराणीत चालते. मुलगी अहिराणीत विचार करते, पाठ्यपुस्तकी मराठीत लिहिते आणि इंग्रजीचा पेपर वेगळा देते. वर्गात गप्प बसणारी मुलगी पुष्कळदा विषयात कच्ची नसते. चारचौघांत चुकीची मराठी तोंडून जाईल म्हणून ती बोलत नाही.

यातून करण्याजोगे जे निघते ते खर्चिक नाही. मोफत पासाची मर्यादा बारावीवरून पदवीपर्यंत न्यावी. चर्चा आणि वाचनालयाचे तास दुपारच्या गाडीआधी, तासिकांच्या मधोमध बसवावेत. मुलींच्या वसतिगृहातल्या जागा व्यावसायिक शाखांइतक्याच हक्काने कला शाखेलाही मिळाव्यात. क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेतच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने आपल्याच शेतात लागवडीचा दर, घरच्या बाईच्या न मोजलेल्या दिवसांची मजुरी आणि लिलावात मिळालेला भाव यांचा हिशेब मांडला, तोंडी सादरीकरण अहिराणीत करून अहवाल मराठीत लिहिला, तर तो प्रकल्प विद्यापीठाच्या चौकटीत बसवण्यासाठी लागते ती विभागाची संमती आणि प्राध्यापकाची शिवारातली एक फेरी.