नाव कोणतं, वस्तू कोणती?

‘पुणे मोठं शहर आहे’ आणि ‘“पुणे” हा शब्द दोन अक्षरी आहे’. पहिल्या वाक्यात खरं गाव आहे, दुसऱ्यात नुसतं नाव. माणसाला हा फरक सहज कळतो. संगणकाला मात्र तो खूण करूनच दाखवावा लागतो.

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या संगणकीय भाषेवरच्या १९६० सालच्या निबंधात ही खूण आहे. लिस्पमध्ये आज्ञाही कंसातली यादी आणि माहितीही कंसातली यादी. म्हणून जी यादी चालवायची नाही, तिला ‘क्वोट’ हा शब्द जोडायचा. पुढे या शब्दाचं काम एकट्या अपॉस्ट्रॉफीवर आलं.

पण यादी जशीच्या तशी ठेवून एकच जागा भरायची असली तर? तर्कशास्त्रज्ञ विलर्ड क्वाइन यांनी १९४० च्या ‘मॅथेमॅटिकल लॉजिक’मध्ये अशा अर्धवट अवतरणासाठी कोपऱ्याच्या आकाराची चिन्हं वापरली होती. १९७० च्या दशकात लिस्पमध्ये त्याच जातीची सोय रुळली: यादीच्या आधी बॅकक्वोट (`) आणि भरायच्या जागेआधी स्वल्पविराम.

२०१२ मध्ये लुदोविक कुर्तेस यांनी ‘गुइक्स’ (उच्चार ‘गीक्स’) हे पॅकेजं बांधून बसवणारं साधन जाहीर केलं, तेव्हा ही चिन्हं सॉफ्टवेअरच्या पॅकेजांपर्यंत पोचली. गुइक्समध्ये प्रत्येक पॅकेजची कृती स्कीम या लिस्पच्याच बोलीत लिहितात. एखाद्या पॅकेजला ‘गॉक’ हे दुसरं पॅकेज लागत असेल, तर ते असं लिहीत:

`(("गॉक" ,गॉक))

अवतरणातलं गॉक म्हणजे चिठ्ठीवरचं नाव. स्वल्पविरामामागचं गॉक म्हणजे प्रत्यक्ष पॅकेज. तो स्वल्पविराम द्यायचा राहिला, की पॅकेजच्या जागी कोरा शब्द उरतो आणि बांधणी अडते.

अवघड भाग पुढे होता. कृतीचा काही भाग लगेच चालतो, काही नंतर, बांधणीच्या बंदिस्त खोलीत. नंतरच्या भागाला कोणती पॅकेजं लागतील, हे साध्या अवतरणाला ठाऊक नसतं. म्हणून २०१४ मध्ये ‘जी-एक्स्प्रेशन’ आलं. त्यात #~ म्हणजे ‘हे नंतर चालव’ आणि #$ म्हणजे ‘इथे या पॅकेजचा भांडारातला (बांधलेली पॅकेजं ठेवतात तिथला) पूर्ण पत्ता घाल’. अशा तुकड्याबरोबर त्याला लागणाऱ्या पॅकेजांची नोंदही जाते.

२०२१ मध्ये गॉकची ती ओळही सोपी झाली. चिठ्ठी गेली, बॅकक्वोट गेला, स्वल्पविरामही गेला. आता नुसतं (लिस्ट गॉक) लिहिलं की भागतं, आणि जुन्या कृती नव्या वळणावर आणायला ‘गुइक्स स्टाइल’ ही आज्ञा आहे.