गंधाची पेटी

मराठी घरांत सुगंधाला मानाची जागा पूर्वींपासून आहे. चैत्रांतल्या हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींच्या हाताला अत्तर लावावयाचें, त्यांच्यावर गुलाबदाणींतून गुलाबपाणी शिंपडावयाचें, लग्नाच्या बैठकींत पाहुण्यांपुढें अत्तरदाणी फिरवावयाची, हा शिष्टाचार घरोघर पाळला जाई. पुष्कळ ठिकाणीं तो अजूनहि पाळला जातो. अत्तरदाणी चांदीची असो कीं पितळेची, ती वडील माणसांच्या ताब्यांत असावयाची. मुलानें तिला हात लावला कीं दटावणी ठरलेली. सुगंध ही मोठ्यांच्या मानपानाची वस्तु. मुलाच्या नाकालाहि कांहीं शिकावयाचें असतें, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या ध्यानांत येण्यास बराच काळ जावा लागला.

६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तींत डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. डोळा आणि हात यांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं लांकडी ठोकळे, दट्टे, रंगांच्या पट्ट्या अशीं मोजून-मापून केलेलीं साधनें वापरलीं. परंतु नाकाच्या शिक्षणापाशीं त्या अडखळल्या. १९१२ सालीं इंग्रजींत निघालेल्या त्यांच्या ग्रंथांत, हें काम फार अवघड आहे आणि आपला प्रयोग पुरेसा तपासलेला नाहीं, अशी सरळ कबुली आहे. तो प्रयोग अगदीं साधा होता. मुलाला ताजीं व्हायोलेटचीं व जाईचीं फुलें हुंगावयास द्यावयाचीं. मग त्याचे डोळे बांधावयाचे, आणि त्याच्या एखाद्या सवंगड्यानें फुलांचा गुच्छ नाकाशीं धरून नांव ओळखावयास लावावयाचें. गंध मंद हवा असला तर गुच्छाऐवजीं एकच फूल. पुढें या पद्धतीच्या शाळांतून झांकणाच्या लहान बाटल्या वा डब्या आल्या. प्रत्येक गंधाच्या दोन डब्या, आणि मुलानें नुसत्या वासावरून जोडी लावावयाची. गंधाची पेटी म्हणतात ती हीच.

ही विद्या हिंदुस्थानांत आली तेव्हां तिच्यापुढें एक अडचण उभी राहिली. साधनें सुबक होतीं, पण महाग होतीं. १९३१ सालीं लंडनमध्यें गांधीजींची व मॉन्टेसोरीबाईंची भेट झाली, तेव्हांहि हें शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोंचावें, अशी अपेक्षा गांधीजींनीं बोलून दाखविली होती. शिक्षण बाळाच्या हक्काचें आणि साधन मात्र धनिकाच्या ऐपतीचें, हा विरोध मिटल्यावांचून खेड्यांतलें मूल बालमंदिराच्या बाहेरच राहणार होतें.

हा विरोध मिटविण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव अग्रभागीं आहे. १८९२ सालीं मुंबईंत जन्मलेल्या ताराबाई १९२३ सालीं भावनगरास गेल्या. तेथें दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें होतें. या दोघांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढें १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार चालविलें. तें शहरांतल्या सुस्थित घरांच्या मुलांसाठीं होतें. आणि नेमकी तीच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शहर मागें टाकून त्या त्या काळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीच्या गरीब वस्त्यांतलीं मुलें शाळेंत येईनात. तेव्हां ताराबाईंनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतून घडला. साधनांचा प्रश्नहि त्यांनीं अंगणांतच सोडविला. शंख, शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें ही त्यांची सामग्री. मोजावयास मणी नसतील तर चिंचोके. रंग ओळखावयास पट्ट्या नसतील तर पानें आणि पाकळ्या. १९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर गेलें. शास्त्र तेंच, परंतु वस्तु भोंवतालची, हा त्या कार्याचा नियम होता. आणि मॉन्टेसोरीबाईंना जें इंद्रिय अवघड वाटलें त्या नाकाला तो नियम सर्वांत सहज लागू पडतो. कारण वास विकत आणावे लागत नाहींत. मराठी स्वयंपाकघरांतला मिसळणाचा डबा ही तयार गंधाची पेटीच आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंचा ‘अंगणवाडी’ हा शब्द सगळ्या देशाचा झाला. शब्द राहिला, अंगण मात्र सर्वत्र राहिलें नाहीं. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत, हिंजवडीला लागून असलेलें मारुंजी हें गांव पाहिलें म्हणजे हें लक्षांत येतें. मुळशी हा भाताचा मुलूख. आंब्याच्या मोहोराचा वास ज्याच्या नांवांतच आहे तो आंबेमोहोर तांदूळ या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला. त्याचें पीक थोडें येतें, म्हणून वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहोराच्याच संकरांतून काढलेला आणि १९८७ सालीं प्रसृत झालेला इंद्रायणी तांदूळ अधिक पसरला. त्यानंतर हिंजवडीस संगणकउद्योगाची वसाहत झाली आणि आसपासच्या गांवांतील शेतांवर उंच इमारती चढल्या. त्या इमारतींतून निरनिराळ्या प्रांतांचीं कुटुंबें राहतात. दहाव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला पहिल्या पावसांतल्या मातीचा, गोठ्याचा, खळ्यावरच्या भाताचा वास नुसता ऐकून ठाऊक असतो. शेतें गेलीं, त्यांबरोबर एक वासांचा कोशहि मिटत चालला आहे.

अशा ठिकाणीं मुलांकडून गंधाची पेटी करविणें ही करमणूक खरी, परंतु ती नुसती करमणूक नव्हे. सामान सगळें टाकाऊ असावें. बारा रिकाम्या काड्यापेट्या घ्याव्या आणि जुना वास जाण्यासाठीं दोन दिवस उन्हांत उघड्या ठेवाव्या. घरोघरीं पडून असलेल्या जुन्या लग्नपत्रिकांचा कागद कणकेच्या खळीनें त्यांवर चिकटवावा. काड्या ओढण्याची बाजू पुरती झांकून टाकावी. शिंप्याकडच्या चिंध्यांतलें मऊ, विरळ कापड घेऊन त्याच्या बारा पुरचुंड्या बांधाव्या. सहा गंध, प्रत्येकाच्या दोन पुरचुंड्या : लवंग, वेलदोडा, ओवा, सुंठ, वाळा आणि आंबेमोहोर तांदूळ. जोडीच्या दोन काड्यापेट्यांना तळाशीं सारखीच खूण करावी, म्हणजे आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें मुलाला कोणास विचारावें लागत नाहीं. या बारा काड्यापेट्या मावतील असा मिठाईचा वा जोड्यांचा खोका घ्यावा आणि त्याची सजावट सर्वस्वीं मुलांवर सोंपवावी. हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, बांगड्यांच्या कांचा सोडून जें कांहीं चकाकतें तें सारें येथें चालतें.

खेळतांना आरंभीं दोनच गंध द्यावे आणि ते एकमेकांपासून दूरचे असावे, जसे लवंग व वाळा. नाक लवकर थकतें, म्हणून मधून मधून विसांवा पाहिजे. तांदळाचा वास मंद. त्याची पुरचुंडी तळहातांत चोळून ऊब दिल्यावर तो कळतो, आणि म्हणून तो शेवटीं. कापूर आणि डांबराच्या गोळ्या यांत कधींहि घालूं नयेत, कारण त्या पोटांत गेल्यास विषारी ठरतात. अगदीं लहान मुलांजवळ मोठें माणूस बसलेलें असावें. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या मुलाला आपल्या घरचा गंध आणावयास सांगितला, तर कोणी मोहरी आणील, कोणी खोबरेल लावलेली चिंधी. आणि पेटींत प्रांताप्रांतांची ओळख होईल.

नाकाचें हें शिक्षण पोरखेळ नव्हे, हें आतां वैद्यकानेंहि दाखविलें आहे. जर्मनींत ड्रेस्डेन येथें डॉ. थॉमस हुम्मेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वास गमावलेल्या रोग्यांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार गंध रोज दोन वेळां बारा आठवडे हुंगावयास दिले. त्यांतील कांहींची शक्ति सुधारली. २०२० सालच्या करोनाच्या साथींत असंख्य लोकांचा वास गेला, तेव्हां हाच उपाय जगभर सुचविला गेला. बालमंदिरांतला खेळ असा प्रौढांच्याहि उपयोगीं पडला.

या पेटीचा एक दोष आहे : ती टिकत नाहीं. पावसाळ्याच्या दमटपणानें पुरचुंड्या ओलसर होतात, गंध उडून जातात. परंतु चांदीच्या अत्तरदाणींत जो गुण नाहीं तो या दोषांतच आहे. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास भात निघालें कीं पुरचुंड्या सोडावयाच्या आणि नव्या बांधावयाच्या. लवंग, वेलदोडा दुकानांत मिळतो. मूठभर नव्या आंबेमोहोरासाठीं मात्र मारुंजीच्या मुलाला गांवांतल्या एखाद्या जुन्या घराच्या दारांत उभें राहून, ‘आजोबा, तुमच्याकडे आंबेमोहोर होतो का?’ असें विचारावें लागतें. उत्तर ‘होतो’ असें येवो कीं ‘होत असे’ असें येवो, तें ऐकून परतणाऱ्या मुलाला आपण कोणत्या मातीवर राहतों तें कळलेलें असतें.