एकोणचाळीस गावं आणि एक इंजेक्शन

नवजात कक्षात नवी सिस्टर रुजू झाली की हात धुण्याचे टप्पे मी नंतर शिकवते, आधी गडचिरोलीचा इतिहास सांगते. आमचा कक्ष चंद्रपूर जिल्ह्यातला, पण बाळं वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून येतात.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले, 'सर्च' ही संस्था उभी राहिली. बाळंतपणं घरीच व्हायची, सुईणीच्या हातांवर. लेकरांचा निमोनिया ओळखायला त्यांनी सुईणींना मण्यांचं एक साधन दिलं: वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही त्यातून निदान करता आलं. हे साधन मला फार मोठं वाटतं.

१९९३ ते ९५ मध्ये मोजणी झाली, तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी ६२ महिन्याच्या आत दगावत होती. मग ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, दूध ओढतंय का, रडणं क्षीण झालंय का, ते टिपायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं. आईबाप तयार नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसीनचं इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्साझोलचं पातळ औषध. अशा आजारात शंभरातली साधारण १७ बाळं जायची. ते प्रमाण तीनाच्याही खाली आलं. १९९७-९८ पर्यंत हजारी ६२ चे २५ झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं.

ही गोष्ट सांगताना लोक इंजेक्शनपाशी थांबतात. मी नव्या मुलींना विचारते, त्या बाळांच्या अंगात नळ्या किती होत्या? एकही नव्हती. जंतू आईकडून, हातांवरून, नाळेवरून आलेले. आरोग्यदूत वारंवार घरी जायची, म्हणून आजार लवकर हाती लागायचा, आणि साधं औषध जंतूंपर्यंत पोचायचं.

आमच्याकडे घशात श्वासाची नळी, नाकातून दुधाची, बेंबीतून सलाइनची. रांजणाच्या आत धरतो तसा बुळबुळीत थर जंतू या प्लास्टिकवर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. तळाचे जंतू सुस्तावलेले असतात, आणि जेंटामायसीन आत ओढून घ्यायला तर जंतू जोमात लागतो. शिवाय औषधाचे कण त्या चिकट थरातच अडकतात. दाटीवाटीत राहून जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात. मग रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला किंवा असिनेटोबॅक्टर येतो आणि औषधांच्या नावांपुढे 'रेझिस्टंट', 'रेझिस्टंट'. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांचा नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद देत नव्हते.

म्हणून कुणी घरच्या बाळंतपणाकडे परत जा म्हणू नये. नऊशे ग्रॅमचं बाळ आज जगतं ते याच नळ्यांमुळे. पण नळीची गरज संपते, तरी ती राहून जाते. राउंडला मी प्रत्येक नळीपाशी विचारते, ही आज कशासाठी? उत्तर मिळालं नाही तर डॉक्टरांकडून ती काढून टाकण्याचा आदेश घेते.

आणि सुटीसाठी मागे लागते. बाळ अंगावर पिऊ लागलं, वजन वाढू लागलं, ऊब टिकू लागली, की इथला प्रत्येक जादा दिवस त्याला इथल्या जंतूंजवळ ठेवतो. आईबाप घाबरतात, घरी कोण बघणार म्हणतात. मी त्यांना आशाताईंचं, म्हणजे आशा स्वयंसेविकांचं, सांगते. गडचिरोलीची ती पद्धत २०११ पासून देशभर आशांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. यातल्या कोणत्या भेटी अजून व्हायच्या आहेत, ते मी सुटीच्या कागदावर ठळक लिहून देते, आणि खाली त्यांच्या आशाताईंचा फोन नंबर.