धुऱ्यावरचा तरोटा

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की वाशिम, मालेगाव, मंगरूळपीरकडच्या धुऱ्यांवर तरोटा उगवतो. तो कुणी पेरत नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात याचाच टाकळा होतो. कोवळा पाला खुडून आणायचा आणि कांदा, लसूण, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परतायचा. चव किंचित कडवट, पण भाकरीबरोबर झकास. महिनाभरात झाड कमरेला लागतं, पाला निबर होतो, उग्र वास सुटतो. मग गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. पडीक जागेत हा गडी टिकतो तो बराचसा याच वासाच्या जोरावर.

पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या. संध्याकाळी त्या मिटतात. श्रावण-भाद्रपदात पानांच्या बेचक्यात पिवळी फुलं येतात, बहुधा जोडीनं. मागून वीतभर लांब, बारीक, वाकडी शेंग. कूळ शेंगवर्गीयांचं, पण तूर-हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी याच्या मुळांवर धरत नाहीत.

आयुर्वेदानं त्याला चक्रमर्द म्हटलं आणि दाद-खरजेवर वापरलं. लिनियसनं 1753 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. खरी गंमत मात्र रंगाऱ्यांकडे होती. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून दक्षिणेतले रंगारी तरोट्याचं बी शिजवून निळीच्या रांजणात घालत. ते आंबलं की नीळ विरघळे, कापडात मुरे आणि हवा लागताच पुन्हा निळी होई. इतक्या नाजूक कामाला हे रानटी बी उपयोगी पडावं, याचं कौतुक करायलाच हवं. भाजलेल्या बियांची कॉफीही होई. जपानात याच्या जवळच्या भाऊबंदांच्या बियांचा चहा आजही पितात.

पुढं 1955 च्या सुमारास पुण्याजवळ गाजरगवत दिसलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याला हटवायला शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या वनस्पतींत तरोटाही होता: पावसाळ्याआधी बी फेकायचं, म्हणजे तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो. तणानं तण मारायचं!

दिवाळीनंतर शेंगा वाळतात. झाडं कापून, झोडपून, सुपानं पाखडलेलं बी व्यापारी घेतात, कारण त्यातल्या डिंकाला खाद्य उद्योगात मागणी आहे. वाशिम जिल्ह्यात आता सोयाबीनचा पेरा मोठा आणि तणनाशकाची फवारणीही नेहमीची. तेव्हा भाजीसाठी पाला खुडायचा तर फवारलेल्या वावरालगतचा धुरा टाळा.